खान, बहादूर, राव : पदव्यांचा प्रवास, ओनोन नदीपासून दादरपर्यंत

१/ इतिहासावर हिरिरीने बोलणाऱ्या आपल्या पिढीला एक घातक सवय जडली आहे. नावात ‘खान’ दिसला की माणसाचा धर्म ठरतो, ‘राव’ दिसला की त्याची बाजू ठरते आणि फारसी वळणाची पदवी दिसली की तो ‘त्यांचा’ माणूस ठरतो. पुढचे वाचण्याची गरजच उरत नाही. या थ्रेडमध्ये मला एकच म्हणणे मांडायचे आहे. पदवी कोणत्या भाषेतून आली याने फारसे काही सिद्ध होत नाही. ती कोणी दिली, कशाच्या मोबदल्यात दिली आणि घेणाऱ्याने तिचे पुढे काय केले, हे तीन प्रश्न विचारले की मगच इतिहास बोलू लागतो.

२/ सुरुवात मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातून, म्हणजे स्टेपमधून. मांचुरियापासून हंगेरीपर्यंत पसरलेल्या या प्रदेशात शेती थोडी, घोडे आणि मेंढ्या अमाप. माणसाची प्रतिष्ठा जमिनीवरून मोजावी अशी सोय नव्हती, कारण टोळी ऋतूनुसार हलत असे. त्यामुळे कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली, हे सांगण्याचे मोठे काम पदवी करी. टोळी हरली की तिचे घोडे जेत्याकडे जात, तशी तिची पदवीही जाई. पाचव्या शतकाच्या आरंभी रौरान सत्ताधीश ‘खागान’ म्हणवून घेत होते. ५५२ मध्ये तुर्कांनी त्यांचा पराभव केला आणि तीच पदवी स्वतः धारण केली. ‘खान’ हा शब्द याच परिवारातला.

३/ मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यात तुर्कांचे शिलालेख आहेत. त्यांपैकी कुल तेगीन या राजपुत्राचा स्मृतिलेख ७३२ मधला. या लेखांत खागान, यबगू, शाद, तेगीन, तरखान, बेग अशा पदव्यांची उतरंडच सापडते. हे लोक तेंग्री या आकाशदेवतेला मानणारे होते. म्हणजे आज आपण डोळे झाकून ‘मुसलमानी’ म्हणतो त्या ‘खान’ आणि ‘बेग’ या पदव्या घडल्या तेव्हा त्या धारण करणारे मुसलमान नव्हते. पुढे पाच शतकांनी आलेला चंगीझखानही नव्हता.

४/ आणि अशी एक पदवी भारतात किती आधी पोहोचली होती? कुषाण राजा कुजुल कडफिसेस याच्या पहिल्या शतकातील नाण्यांवर खरोष्ठी लिपीत ‘यवुग’ अशी पदवी येते. ओरखोनच्या लेखांतला ‘यबगू’ तो हाच. इस्लामचा उदय व्हायला त्या वेळी अजून पाचएक शतके अवकाश होता. मध्य आशियातून पदव्या आपल्याकडे येण्याची वाट सुलतानांच्या फौजांनी पाडलेली नाही. ती फार जुनी आहे.

५/ महाराष्ट्रात याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्या घरातल्या पंचांगावर आहे. ‘शके’ हा शब्द ज्यांच्यावरून आला ते शक मूळचे स्टेपमधलेच. मात्र ते तुर्क वा मंगोल नव्हते, इराणी भाषाकुळातले होते. नाशिकच्या लेण्यातील लेख गौतमीपुत्र सातकर्णीचा गौरव शकांचा संहारक म्हणून करतो. तरीही कालगणनेला नाव शकांचेच राहिले आणि काळाच्या ओघात ‘शक’ या शब्दाचा अर्थच ‘कालगणना’ असा झाला. म्हणूनच १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वतंत्र कालगणना सुरू केली, तेव्हा तिलाही ‘राज्याभिषेक शक’ म्हणण्यात कोणाला विसंगती वाटली नाही. शब्द तोवर पूर्णपणे आपला झाला होता.

६/ पदव्यांचे मोल कायम राहत नाही, हेही इथेच लक्षात ठेवू. ओरखोनच्या लेखांत ‘तेगीन’ म्हणजे राजघराण्यातला पुरुष. तीनशे वर्षांच्या आत हाच शब्द ‘अलप्तगीन’, ‘सबुक्तगीन’ अशा नावांत दिसतो आणि ही नावे गुलाम म्हणून विकत घेतल्या गेलेल्या तुर्की सैनिकांची आहेत. गझनीच्या महमूदाचा बाप सबुक्तगीन हा त्यांतलाच एक. राजपुत्राची पदवी गुलामाच्या नावात उतरली आणि मग तोच गुलाम राज्याचा धनी झाला.

७/ आता मंगोल. तेराव्या शतकातील ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात माणसांच्या नावांना जोडून येणाऱ्या उपाध्या पाहण्यासारख्या आहेत. बातूर म्हणजे वीर, मेर्गेन म्हणजे अचूक तिरंदाज, सेचेन म्हणजे शहाणा, बोको म्हणजे मल्ल. दरबारापेक्षा गावच्या पारावर ठरावीत अशी ही विशेषणे. चंगीझखानाचा बाप येसुगेई हा ‘खान’ नव्हता. तो ‘येसुगेई बातूर’ होता. लोहाराघरचा समजला जाणारा सुबेदेई पुढे मंगोलांचा थोर सेनानी झाला, तोही ‘बातूर’.

८/ येसुगेईला तातारांनी विष दिले आणि तो मेला, तेव्हा धाकटा तेमुजीन नऊएक वर्षांचा होता. बापाचे अनुयायी त्या विधवेला आणि पोरांना माळावर टाकून निघून गेले. ‘बातूर’ ही पदवी वतनासारखी मुलाकडे चालत येत नव्हती. ज्याच्या मनगटात जोर त्याच्यापुरतीच ती होती. याच तेमुजीनाला १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाजवळ भरलेल्या कुरुल्ताईत, म्हणजे टोळीप्रमुखांच्या सभेत, ‘चंगीझखान’ ही पदवी मिळाली. सभेने दिलेली पदवी, हा मुद्दा ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग पुढे मुंबईत होणार आहे.

९/ त्याच प्रसंगी बदाई आणि किशिलिक या दोन घोडेराख्यांनाही मान मिळाला. शत्रू पहाटे चालून येणार असल्याची खबर त्यांनी रात्रीतून घोडदौड करत तेमुजीनाला पोहोचवली होती. त्यांना ‘दरखान’ केले गेले. लढाईतील लूट आणि शिकारीतील सावज स्वतःकडे ठेवण्याचा हक्क त्यांना मिळाला. पुढच्या काळात या पदवीला करमाफीही जोडलेली दिसते. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. हा तर इनामाचा व्यवहार झाला. सोळाव्या शतकात सिंधमध्ये राज्य केलेले ‘तरखान’ घराणे ही याच शब्दाची दूरची पालवी.

१०/ म्हणून मंगोलांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. १२२१ मध्ये मर्व्ह आणि निशापूर या शहरांची जी कत्तल झाली, तीही ‘वीरां’नीच केली. आणि पराक्रमाला उघडे असलेले दार फार काळ उघडे राहिले नाही. चंगीझच्या पश्चात ‘खान’ ही सार्वभौम पदवी केवळ त्याच्या वंशजांनीच धारण करावी, असा दंडक रूढ झाला. ज्याच्या बापाला खानपद नव्हते, त्याच्याच नातवंडा-पतवंडांनी इतरांसाठी ते बंद करून टाकले.

११/ या बंद दाराशी जाऊन थडकला तैमूर. समरकंदपासून दिल्लीपर्यंत ज्याच्या नावाने थरकाप उडे, तो स्वतःला कधीही ‘खान’ म्हणवू शकला नाही, कारण तो चंगीझच्या वंशातला नव्हता. मग त्याने दोन तोडगे काढले. चंगीझच्या वंशातल्या सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न करून ‘गुरेगेन’, म्हणजे जावई, ही उपाधी मिरवली. आणि गादीवर चंगीझवंशीय नामधारी खान बसवले : आधी सुयुर्घत्मिश, नंतर त्याचा मुलगा महमूद. हुकूम तैमूरचा, नाव खानाचे. जगज्जेत्याची पदवी काय, तर ‘जावई’!

१२/ बाबर हा याच तैमूरचा वंशज, आणि आईकडून चंगीझचाही. म्हणून हे घराणे स्वतःला ‘गुर्काणी’, म्हणजे जावयाचे घराणे म्हणवी. ‘मोगल’ हा शब्द फारसीत मंगोलांसाठी होता आणि बाबराला या मंगोलांबद्दल फारसे प्रेम नव्हते. आपण मात्र त्याच्या घराण्याला तेच नाव कायमचे चिकटवले. १५०७ च्या सुमारास काबूलमध्ये बाबराने ‘पादशाह’ ही फारसी पदवी घेतली आणि खानपदाचा जुना पेच बाजूला सारला. तोवर हिंदुस्थानात ‘खान’ सार्वभौम उरलाच नव्हता. सुलतानांच्या दरबारात तो उमरावांचा एक दर्जा झाला होता. जी पदवी तैमूरला मिळाली नाही, ती दिल्लीत खिलतीबरोबर वाटली जात होती.

१३/ आता दख्खन. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाकडे या पार्श्वभूमीवर पाहा. प्रश्न तैमूरपुढे होता तसाच होता. सत्ता आहे, सैन्य आहे, गड आहेत; पण राजपदाचा अधिकार विशिष्ट कुळालाच, असे मानणारी व्यवस्था समोर उभी आहे. तैमूर त्या व्यवस्थेच्या आड लपला. शिवाजी महाराजांनी तिला उत्तर दिले. गागाभट्टांकरवी शास्त्राचा आधार उभा केला, सिसोदिया कुळाशी नाते सांगितले, छत्र धरवले आणि स्वतःच्या नावाने शक सुरू केला. ‘छत्रपती’ ही पदवी कोण्या बादशहाच्या फर्मानातून आलेली नाही, यातच तिचे खरे वजन आहे. ते उमगायचे असेल, तर तैमूरची कोंडी माहीत असावी लागते.

१४/ महाराजांच्या सैन्यातील पदव्या पाहा. कुडतोजी गुजर ‘प्रतापराव’ झाले, हंसाजी मोहिते ‘हंबीरराव’ झाले आणि आज त्यांची मूळ नावे सांगावी लागतात. पदवीने नाव गिळून टाकावे, हे तेमुजीनच्याही बाबतीत घडले होते. दुसरीकडे, रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवून दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. भाषा हे राज्याचे अंग आहे, ही जाण त्यामागे होती.

१५/ आणि त्याच सुमारास समोर कोण उभा होता? मोगलांचा दख्खनचा सुभेदार बहादूरखान कोकलताश. श्रीगोंद्याजवळ पेडगावचा बहादूरगड याच्याच नावाचा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणले गेले ते इथेच. या माणसाचे नाव सोडवून पाहा. ‘बहादूर’ म्हणजे मंगोलांचा बातूर. ‘खान’ आपण पाहिलाच. ‘कोकलताश’ म्हणजे दूधभाऊ. औरंगजेब आणि तो एकाच दाईच्या दुधावर वाढले. तिन्ही शब्द स्टेपमधून आलेले. त्याचे खरे नाव मीर मलिक हुसेन होते. ते नाव त्याच्या किल्ल्यावरही उरले नाही, इतिहासातही जवळजवळ नाही.

१६/ राज्यव्यवहारकोशानंतर मराठ्यांच्या पदव्या शुद्ध संस्कृत झाल्या असतील, असे वाटू शकते. तसे झाले नाही. राजाराम महाराजांनी संताजी घोरपड्यांना ‘ममलकतमदार’ हा किताब दिला, त्यांच्या भावाला ‘हिंदुराव’. १७२० च्या बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल शाहू महाराजांकडून दमाजी गायकवाड ‘शमशेर बहादूर’ झाले आणि पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी ‘सेनाखासखेल शमशेर बहादूर’ हा किताब अखेरपर्यंत मिरवला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या किताबात ‘आलिजाह बहादूर’ आहे. येसुगेईचा ‘बातूर’ मराठी सरदारांच्या नावाला असा येऊन बिलगला.

१७/ यावर एक ठरलेला आक्षेप येतो : ‘ही घसरण होती, स्वत्वाचा विसर होता.’ मला तसे वाटत नाही. पदवी ही ज्याला ऐकवायची त्याच्या कानाला कळावी लागते. मराठे आता एका मुलखापुरते राहिले नव्हते. गुजरात, माळवा, बुंदेलखंड इथल्या जमीनदाराला, दिल्लीच्या वजिराला आणि हैदराबादच्या निजामाला ‘शमशेर बहादूर’ म्हणजे काय हे लगेच समजत होते. कोश घडवणे हे जसे राजकारण होते, तसेच समोरच्याच्या भाषेतील मान स्वतःच्या हाताने वाटणे हेही राजकारणच होते. शाहू महाराज ‘बहादूर’ करतात, तेव्हा ते अशी पदवी देण्याचा अधिकार आपला आहे असे जाहीर करत असतात. अधिकार बदलला, शब्द राहिला.

१८/ ‘शमशेर बहादूर’ हेच नाव बाजीराव आणि मस्तानीच्या मुलाचे. पेशवे घराण्यात त्याला औरस पुत्राचे स्थान मिळाले नाही. मिळाले ते एक नाव, ज्यात पदवीची सगळी ऐट होती. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांकडून लढला आणि जखमांनी मेला. त्याचा मुलगा अली बहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची सत्ता उभारली. याला केवळ नावावरून ‘त्यांच्या’ बाजूला टाकणाऱ्याने पानिपत वाचलेलेच नाही, असे मी म्हणेन.

१९/ अठराव्या शतकातील मराठी राज्याची रचना आता तैमूरच्या शेजारी ठेवून पाहू. कारभार पेशव्यांचा, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून यायची. शिक्क्यावर नाव छत्रपतींचे. पुण्यात सर्व सत्ता असूनही पेशव्याने स्वतःला राजा म्हणवले नाही. सत्ता मनगटाने मिळते, राजपद मात्र वंशाने, ही समजूत समरकंदात जेवढी चिवट होती तेवढीच पुण्यातही होती. मात्र एक भेद विसरू नये. तैमूरने खान स्वतः शोधून बसवले होते; पेशवे मुळात छत्रपतींनी नेमलेले प्रधान होते.

२०/ आणि या कथेतील सर्वांत मोठा फेरा दिल्लीत पूर्ण झाला. १७७२ मध्ये मराठ्यांच्या बळावर शाह आलम आपल्या राजधानीत परतला. १७८४ मध्ये त्याने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ केले आणि महादजी शिंदे त्यांचे नायब झाले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने या बादशहाचे डोळे काढले. त्याचा पाठलाग करून त्याला पकडले ते महादजींच्या फौजांनी. हुकूम महादजींचा, नाव बादशहाचे. तैमूरने चंगीझच्या वंशजांना जसे गादीवर बसवून ठेवले होते, तसा चारशे वर्षांनी तैमूरचाच वंशज एका मराठा सरदाराच्या छायेत बसला होता. हा सरदार स्वतःला आवडीने ‘पाटील’ म्हणवून घेई.

२१/ १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांकडे गेली आणि कालांतराने पदव्या वाटण्याचा कारखानाही. इंग्रजांनी जुने शब्द फेकले नाहीत. त्यांनी त्यांची वर्गवारी केली. हिंदूंना दक्षिण आणि पश्चिम भारतात ‘रावसाहेब’ व ‘रावबहादूर’, उत्तरेत ‘रायबहादूर’. मुसलमान आणि पारशी यांना ‘खानसाहेब’ व ‘खानबहादूर’. दर्जा समान, शब्दाचा दुसरा अर्धा तोच. पहिल्या अर्ध्यावरून धर्म कळावा अशी व्यवस्था. ‘खान’ दिसला की धर्म ठरवण्याची जी सवय मी आरंभी म्हटली, तिला सरकारी शिक्का इथे लागला. त्यातली मौज अशी की, पारशी ‘खानबहादूर’ मुंबईत डोळ्यांसमोर वावरत असतानाही ती सवय पक्की झाली.

२२/ मुंबईत स्टेपच्या पदव्यांचे आणखी एक घराणे आहे : आगाखान. ‘आगा’ म्हणजे मुळात वडील भाऊ, मग मालक, धनी. ‘खान’ आपण जाणतोच. इराणच्या काजार राजाने हसन अली शाह यांना हा किताब दिला. काजार हे मूळचे तुर्कीभाषक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते मुंबईत स्थायिक झाले. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या धर्मगुरुपदाच्या अधिकाराचा खटला चालला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. माझगावची हसनाबाद ही त्यांची समाधी.

२३/ इथे एक सावधगिरीची सूचना. असे शब्द शोधू लागलो की सगळीकडे तेच दिसू लागतात. ‘बेगम’ हे ‘बेग’चे स्त्रीरूप, ‘उर्दू’ म्हणजे मुळात छावणी, ‘दरोगा’ हा मंगोल अधिकाऱ्याचा हुद्दा आणि ‘तोपची’, ‘मशालची’ यांतला ‘ची’ हा तुर्की प्रत्यय, हे सर्व खरे. पण म्हणून ‘तर्खडकर’ या आडनावात ‘तरखान’ शोधू नये. ते वसईजवळच्या तरखड गावावरून आले आहे. ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळले असे होत नाही. मधले टप्पे दाखवता आले, तरच बोलावे.

२४/ आता १२०६ मधल्या त्या सभेची आठवण करा आणि ११ मे १८८८ या दिवशी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातील सभागृहात या. रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. एकाच व्यासपीठावर दोन पदव्या उभ्या होत्या. एक सरकारने राजपत्रातून दिलेली, दुसरी कष्टकरी लोकांच्या सभेने दिलेली. आज ‘रावबहादूर’ कोणाला मिळाली हे शोधावे लागते. ‘महात्मा’ शोधावी लागत नाही.

२५/ म्हणून सरकारी पदवीवाला तो सरकारचा हस्तक, असा सोपा निष्कर्ष काढायचा का? दादर पश्चिमेला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्या सीताराम केशव बोले यांच्याकडे पाहा. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ केले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी ठराव मांडला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो संमत झाला. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. जाहीर केलेला हक्क प्रत्यक्षात नाकारला जात होता, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. ‘बातूर’ या शब्दाला एवढ्या लांबच्या प्रवासात याहून चांगला मुक्काम मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

२६/ आणि तरीही १९२० मध्ये असहकाराच्या हाकेला ओ देऊन ज्यांनी सरकारी किताब परत केले, तेही चूक नव्हते. पदवी ठेवणे आणि पदवी परत करणे, दोन्हींचा अर्थ त्या वेळच्या करारावर ठरतो. याच दादरमधून जाणारा दुसरा रस्ता सेनापती बापटांचा. मुळशी सत्याग्रहाने त्यांना ही उपाधी दिली. त्यांच्या हाताखाली पगारी शिपाई एकही नव्हता. होते ते धरणाखाली जमिनी जाणारे मावळातले शेतकरी. राज्यव्यवहारकोशात सरनोबताच्या जागी बसवलेला ‘सेनापती’ हा शब्द तिथे लोकांनी आपल्या हाताने पुन्हा एकदा वापरात आणला.

२७/ राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला लष्करी वा विद्याविषयक उपाधींखेरीज कोणतीही पदवी देण्यास मनाई केली. खान, राव, बहादूर वाटण्याचा कित्येक शतकांचा उद्योग भारतात कायद्याने थांबला. लोकांनी पदव्या देणे मात्र थांबले नाही, थांबणारही नाही. मग जबाबदारी आपल्यावर येते. आज आपण कोणाच्या नावाआधी पदवी लावली आणि कोणाच्या नाही, यावर रात्रंदिवस भांडतो. ती पदवी कोणत्या अडचणीतून, कोणाच्या विरोधाला तोंड देऊन मिळवली होती, यावर क्वचितच बोलतो. ‘छत्रपती’ या शब्दाचा आदर तो न चुकता उच्चारण्याने होतोच. पण १६७४ मध्ये तो उच्चारण्यासाठी काय पणाला लावावे लागले, हे समजून घेण्याने तो अधिक होतो.

२८/ पुढच्या वेळी बखरीत, शिलालेखात किंवा घरातल्या जुन्या कागदात एखादी पदवी भेटली, तर तिचा धर्म शोधायला धावू नका. कोणी दिली? कशाच्या मोबदल्यात? घेणाऱ्याने पुढे काय केले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या माणसाविषयी मत राखून ठेवा. आपल्या गावात, घराण्यात किंवा आडनावात अशी एखादी पदवी दडलेली असेल, तर मधल्या टप्प्यांसह इथे जरूर लिहा. वाचतो आहे.